संगणकाची खरी अडचण जोडात आहे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत डेटा सेंटरवर, म्हणजे हजारो संगणक एकत्र ठेवलेल्या इमारतींवर, पानभर लेख आला होता. तो कापून ठेवला आहे. पण त्यातल्या एका वाक्याखाली मी पेन्सिलीनं रेघ मारली आणि दोन दिवस ते वाक्य डोक्यातून गेलं नाही. ‘प्रकाशाचा वेग विजेपेक्षा कितीतरी जास्त असल्यामुळे नव्या संगणकांत तांब्याच्या तारांऐवजी काचेचे तंतू वापरले जातात’ असं ते वाक्य होतं. हे बरोबर नाही. आमच्या गल्लीतली कॉलेजची पोरं आपला पेपर वाचून प्रोजेक्ट लिहितात, म्हणून हे दुरुस्त व्हावं असं मनापासून वाटतं.

मी इंजिनिअर नाही. १९८० साली टेलिफोन खात्यात केबल जॉइंटरच्या हाताखाली लागलो आणि २०१८ साली निवृत्त झालो. अडतीस वर्षं जमिनीखालच्या तारा जोडल्या. पहिली पंधरा-सोळा वर्षं तांबं, पुढं तांबं आणि काच दोन्ही, शेवटी शेवटी बहुतेक काचच. दोन्ही माझ्या हातांना ठाऊक आहेत, तेवढ्या अधिकारानं लिहितो.

आधी वेगाचं बघू. मोकळ्या अवकाशात प्रकाश सेकंदाला ३ लाख किलोमीटर जातो. काचेत शिरला की तो मंदावतो आणि तंतूतून साधारण २ लाख किलोमीटरच्या वेगानं जातो. चांगल्या तांब्याच्या केबलमधला विजेचा संदेशही जवळपास त्याच वेगानं पळतो, काही केबलींत तर थोडा जास्तच. एक मीटर अंतराला काचेत ५ नॅनोसेकंद लागतात, तांब्यात ४ ते ५. दोघांची शर्यत लावली तर दोन तुल्यबळ पैलवानांची कुस्ती सुटते तशी बरोबरीत सुटेल. शिवाय ३ गिगाहर्ट्झवर चालणारा प्रोसेसर त्या ५ नॅनोसेकंदांत १५ ठोके पुरे करून बसलेला असतो. काच घातली म्हणून अंतर नाहीसं होत नाही, हेही पोरांना कळायला हवं.

मग एवढा खर्च करून काच कशाला? गळतीमुळं. माझं आजोळ भुदरगडकडचं. लहानपणी मामाबरोबर रात्री पाणी पाजायला जायचो. पाट कच्चा. वरच्या अंगाला पाणी सोडलं की शेवटच्या सरीपर्यंत येईतो निम्मं मुरलेलं असायचं. पाणी यायचं वेळेवर, पण यायचं एवढंसं. तांब्याच्या तारेचं तसंच आहे, आणि वर एक खोड जास्तीची आहे: संदेशाची कंपनं जितकी जलद, तितकी गळती जास्त. कंपनं वाढली की वीज तारेच्या गाभ्यातून जायचं सोडून नुसत्या सालीतून जायला लागते. आतलं तांबं असून नसल्यासारखं होतं. भोवतीच्या प्लॅस्टिकमध्येही थोडी ऊर्जा उष्णता होऊन जाते.

टेलिफोनवरचा आवाज ३,४०० हर्ट्झच्या आत बसवलेला असे, त्यामुळं एक्स्चेंजपासून चार-पाच किलोमीटरवरच्या घरीसुद्धा बोलणं स्वच्छ ऐकू यायचं. त्याच तांब्यातून सेकंदाला अब्जावधी बिट ढकलायचे म्हटलं की हिशेब मीटरांवर येतो. एका लेनमधून, म्हणजे केबलमधल्या एका वाटेनं, सेकंदाला १० गिगाबिट नेणारी साधी तांब्याची केबल साधारण ७ मीटर चालते. २५ गिगाबिटला ५ मीटर, ५० ला ३, आणि १०० गिगाबिटला जेमतेम २ मीटर. संगणकाचं लोखंडी कपाट, म्हणजे रॅक, तोच मुळात २ मीटर उंच असतो. या वेगाला साधी तांब्याची केबल शेजारच्या एक-दोन कपाटांपलीकडं पोचत नाही.

काचेचा हिशेब वेगळा. आजच्या तंतूतून १,५५० नॅनोमीटरचा प्रकाश पाठवला तर किलोमीटरमागं ०.२ डीबी (डेसिबेल, गळती मोजायचं माप) गळती. सोप्या भाषेत, निम्मा प्रकाश हरवायला १५ किलोमीटर लागतात. कोल्हापुरातून दिवा लावला आणि तो जोतिबाच्या डोंगराजवळ पोचला तरी त्यातला जवळजवळ निम्मा शिल्लक. हे काही आपोआप झालेलं नाही. १९६६ मध्ये चार्ल्स काओ यांनी हिशेब मांडून सांगितलं की काचेतली भेसळ काढली तर गळती किलोमीटरला २० डीबीपर्यंत खाली आणता येईल. त्या वेळची काच हजार डीबी खात होती. १९७० मध्ये अमेरिकेतल्या कॉर्निंग कंपनीच्या तिघा शास्त्रज्ञांनी १७ डीबीचा तंतू ओढून दाखवला. तेव्हा मी बारा वर्षांचा होतो आणि आमच्या अख्ख्या गल्लीत एक टेलिफोन होता. काओंना नोबेल मिळालं २००९ मध्ये. त्यांच्याही आधी, १९५४ साली, पंजाबातल्या मोगा गावच्या नरिंदर सिंग कपानींनी लंडनमध्ये तंतूंच्या जुडग्यातून चित्र पाठवून दाखवलं होतं. त्यांचं नाव आपल्या पुस्तकांत ठळक यायला पाहिजे.

दुसरा गुण म्हणजे शेजाऱ्याची बाधा नाही. तांब्याच्या दोन पेअर, म्हणजे तारांच्या जोड्या, शेजारी असल्या की एकीतलं दुसरीत ऐकू येतं. आमच्या काळी ओल शिरलेल्या कागदी केबलमध्ये लोकांना दुसऱ्याच्या घरचं बोलणं ऐकू यायचं आणि तक्रारी यायच्या. काचेचे दोन तंतू कितीही खेटून ठेवा, एकातला प्रकाश दुसऱ्याला कळत नाही. उलट एकाच तंतूत वेगवेगळ्या रंगांचे प्रकाश एकाच वेळी घालता येतात आणि पलीकडं ते वेगळे काढता येतात.

२००५ च्या महापुरात हे मी डोळ्यांनी पाहिलं. पंचगंगेचं पाणी पेठेच्या खालच्या अंगाला चढलं आणि जमिनीखालच्या एकाच डक्टमध्ये, म्हणजे नळीत, तांब्याची केबल अन् काचेची केबल दोन्ही बुडाल्या. पाणी ओसरल्यावर तांब्याचे जॉइंट उघडून वाळवण्यात आमचे कित्येक आठवडे गेले. शेकडो पेअर, प्रत्येकीचा रंग बघायचा, मेगरनं इन्सुलेशन तपासायचं, परत बांधायचं. काचेच्या केबलला आम्ही हातसुद्धा लावला नाही, पाण्याखालीही ती चालूच होती. काचेचंही पाण्याशी सख्य नाही, वर्षानुवर्षं ओलीत राहिली तर तिच्यावरच्या बारीक चिरा वाढतात. पण महापुरासारखं आठ-पंधरा दिवसांचं पाणी ती सोसते.

आता संगणकाकडं येतो. पूर्वी संगणक म्हटलं की एक पेटी. मोठं काम आलं की मोठी पेटी. आता मोठा संगणक तुकड्यांचा असतो: हजारो चिप, प्रत्येकीचं काम थोडं थोडं, आणि त्या सगळ्यांनी सतत एकमेकींशी बोलायचं. महाराष्ट्राला हे नवं नाही. पुण्यात १९८८ मध्ये सी-डॅक निघाली आणि डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये ‘परम ८०००’ उभा राहिला. त्यात ट्रान्सप्युटर नावाच्या इंग्लंडमधल्या चिप होत्या. प्रत्येक चिपला शेजाऱ्यांशी बोलायला चार लिंक, एकेक लिंक सेकंदाला २० मेगाबिट. एकटी चिप फार ताकदवान नव्हती. चौसष्ट जणी नीट जोडल्या म्हणून ती ताकद आली. जोडणीवर संगणक उभा राहतो, ही गोष्ट पुण्यानं तेव्हाच दाखवून दिली होती.

२००२ मध्ये जपाननं योकोहामाला ‘अर्थ सिम्युलेटर’ बांधला. पृथ्वीचं हवामान मोजणारा तो संगणक दोन वर्षं जगात पहिला होता. त्याचे ६४० भाग जोडायला ८३ हजारांवर तांब्याच्या केबली लागल्या, एकूण लांबी २,४०० किलोमीटरच्या आसपास. जॉइंटर म्हणून हा आकडा वाचला तेव्हा मी पेपर बाजूला ठेवून बसलो होतो. त्या वेळच्या वेगाला तांबं खोली ओलांडू शकत होतं. आज तीच खोली बांधायची तर काचेशिवाय गत्यंतर नाही.

मला सगळ्यात मोलाची वाटते ती गोष्ट इथून पुढं आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो. जागा कमी पडली तर वरचं छाटा, पण हे ठेवा.

गुगलनं कृत्रिम बुद्धिमत्तेच्या कामासाठी ‘टीपीयू व्ही४’ नावाचा जो संगणक बांधला, त्याची रचना २०२३ मध्ये जाहीर केली. त्यात ४,०९६ चिप. एका रॅकमध्ये ६४ चिपांचा ठोकळा: चार लांब, चार रुंद, चार उंच. ठोकळ्याच्या आतली जोडणी बहुतेक तांब्याची, कारण अंतर हातभर. ठोकळ्याला बाजू सहा, प्रत्येक बाजूवर १६ चिपा, म्हणजे बाहेर पडणाऱ्या लिंक ९६. त्या सगळ्या काचेच्या. असे ६४ ठोकळे. समोरासमोरच्या दोन बाजूंच्या जोडीच्या लिंक एकाच स्विचमध्ये जातात, त्यामुळं ९६ चे निम्मे ४८ स्विच पुरतात. प्रत्येक स्विचमध्ये दर ठोकळ्याचे दोन तंतू, मिळून १२८, आणि आठ राखीव: एकूण १३६.

आता हा स्विच कसला आहे? त्याच्या आत बारीक बारीक आरसे आहेत. एका तंतूतून आलेला प्रकाश आरशावर पडतो, आरसा थोडा कलतो आणि प्रकाश हव्या त्या दुसऱ्या तंतूत जातो. बस्स. तो प्रकाशातला मजकूर वाचत नाही, त्याची वीज करत नाही, पत्ता बघत नाही. नेहमीचा स्विच टपालाच्या सॉर्टिंगसारखा असतो: प्रत्येक पाकीट हातात घ्यायचं, पत्ता वाचायचा, योग्य खणात टाकायचं. त्यासाठी प्रकाशाची वीज करा, वाचा, परत विजेचा प्रकाश करा. आरशांचा स्विच मात्र आमच्या जुन्या ट्रंक बोर्डासारखा आहे.

१९८० मध्ये मी कामाला लागलो तेव्हा ट्रंक कॉल, म्हणजे परगावचा फोन, बुक करावा लागे. ऑपरेटर ताई कानाला हेडफोन लावून बोर्डापुढं बसत. इकडची कॉर्ड उचलून तिकडच्या भोकात घालत, की इचलकरंजीचा व्यापारी मुंबईशी जोडला. पुढं ते दोघे कापडाचं बोलोत नाहीतर लग्नाचं, मराठीत बोलोत नाहीतर मारवाडीत, कॉर्डला त्याच्याशी काही देणंघेणं नाही. आरशांचं तेच. उद्या लिंकचा वेग दुप्पट झाला तरी आरसा तोच चालतो, कारण किती वेगानं काय चाललंय हे त्याला माहीतच नाही. एखादा ठोकळा बिघडला तर आरसे कलवून दुसरा चांगला ठोकळा त्या जागी जोडायचा, रॅक हलवायची गरज नाही, केबल उपसायची गरज नाही. गुगलच्याच हिशेबानं हे स्विच आणि त्यांची प्रकाशाची सामग्री मिळून संगणकाच्या किमतीच्या ५ टक्क्यांहून कमी आणि विजेच्या ३ टक्क्यांहून कमी घेतात.

मर्यादा आहेच. आरसा कलायला काही मिलिसेकंद लागतात आणि संगणकाच्या दुनियेत मिलिसेकंद म्हणजे फार मोठा काळ. प्रत्येक पाकिटागणिक आरसा फिरवता येत नाही. एकदा जोडणी करून तासन्‌तास, दिवसेंदिवस एकच काम चालणार असेल तिथं ही पद्धत शोभते. ट्रंक कॉलसारखीच.

आणखी एक साम्य सांगतो. टेलिफोनच्या एकाच पेअरवरून बोलणंही जातं आणि ऐकणंही येतं, ती दोन्ही वेगळी करायला हायब्रिड कॉइल असे. या संगणकात एकाच तंतूतून जाणारा आणि येणारा प्रकाश वेगळा करायला सर्क्युलेटर बसवला आहे, त्यामुळं तंतू आणि आरसे निम्मेच लागतात. आणि डेटा सेंटरमधले स्विच ज्या पद्धतीनं थरांवर थर रचतात, ती रचना बेल लॅब्जमधल्या चार्ल्स क्लॉस यांनी १९५३ मध्ये टेलिफोन एक्स्चेंजसाठी गणितानं मांडली होती. टेलिफोनची विद्या जुनी झाली, कालबाह्य झाली, असं आम्हाला निवृत्तीच्या वेळी ऐकवलं गेलं. ती संगणकाच्या पोटात जाऊन बसली आहे.

तांबं संपलं असं मात्र मी म्हणणार नाही, ते खोटं होईल. एनव्हिडिया कंपनीनं २०२४ मध्ये ७२ प्रोसेसरचा एक रॅक दाखवला. त्याच्या पाठीमागची जोडणी पूर्ण तांब्याची आहे: पाच हजारांवर केबली, एकूण लांबी तीनेक किलोमीटर. तिथं काच वापरली असती तर प्रकाशाच्या सामग्रीलाच २० किलोवॉट वीज लागली असती, असं कंपनीचे प्रमुख जेन्सन ह्वांग यांनी सांगितलं. कारण सरळ आहे. चिप विजेवर बोलते. काचेत घालायचं तर विजेचा प्रकाश करायचा, पलीकडं प्रकाशाची वीज करायची. हे काम करणारा ट्रान्सीव्हर बोटभर असतो, पण ८०० गिगाबिटचा असेल तर १५ वॉटच्या आसपास वीज खातो. हजारो जोडांचा गुणाकार करा. दोन हातांवरच्या माणसाला निरोप द्यायला कुणी टपालात जात नाही.

म्हणून आता तो रूपांतराचा भाग स्विचच्या तोंडावरून उचलून चिपच्या अंगाला लावायचं चाललं आहे. तांब्याची वाट वीतभरावरून नखाएवढी झाली की ढकलायला जोर कमी लागतो आणि वीज वाचते. २०२५ च्या मार्चमध्ये एनव्हिडियानंच असे स्विच जाहीर केले. त्यात लेसर मात्र बाहेर, हातानं काढता-घालता येईल असा ठेवला आहे, कारण लेसरला उष्णता मानवत नाही आणि बिघडला तर बदलायची सोय पाहिजे. हे वाचून मला समाधान वाटलं. ज्यानं हे ठरवलं त्यानं दुरुस्ती करणाऱ्या माणसाचा विचार केला आहे.

हे सगळं मला कुठून कळलं, तर पुतणीकडून. ती इथंच इलेक्ट्रॉनिक्स शिकली आणि आता नवी मुंबईतल्या एका डेटा सेंटरमध्ये कामाला आहे. दोन वर्षांपूर्वी रात्री साडेअकराला तिचा फोन आला.

“काका, एक लिंक येते आणि जाते. ट्रान्सीव्हर बदलला, केबल बदलली, तरी तेच.”

“टोक बघितलंस का?”

“नवी केबल आहे. पिशवीतून आत्ता काढली.”

“पिशवीतली असली तरी बघ. आणि समोरच्या पोर्टचंही बघ.”

वीस मिनिटांनी परत फोन. मायक्रोस्कोपखाली टोकाच्या बरोबर मध्यावर एक डाग होता. कोरड्या क्लीनरनं पुसलं, दोन्ही बाजू पुसल्या आणि लिंक बसली. सिंगल मोड तंतूचा ज्या भागातून प्रकाश जातो तो गाभा ९ मायक्रॉनचा असतो. डोक्याचा केस ७० च्या आसपास. त्या ९ मायक्रॉनवर धुळीचा एक कण बसला की कोट्यवधी रुपयांचा संगणक अडखळतो. आणि धूळ येते कुठून, तर पुष्कळदा टोकाला संरक्षण म्हणून घातलेल्या प्लॅस्टिकच्या टोपणातूनच. हे मी तिला लहानपणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं, कॉलेजात तिला कुणी सांगितलं नव्हतं.

तिनं दाखवलेला एक हिशेब तर मी भिंतीवर लावून ठेवला आहे. डेटा सेंटरमधल्या ५०० मीटरच्या एका नेहमीच्या ४०० गिगाबिट लिंकला एकूण ३ डीबी गळती चालते. त्यातली काच स्वतः ०.२ डीबीच्या आसपास खाते (इथला प्रकाश १,३१० नॅनोमीटरचा असतो, त्याला काचेत गळती थोडी जास्त). उरलेली सगळी जोडांच्या वाट्याची. एक कनेक्टर चांगला असेल तर ०.३, वाईट असेल तर ०.७, मळका असेल तर सांगता येत नाही. म्हणजे या संगणकाचं भवितव्य काच बनवणाऱ्याच्या हातात जितकं आहे त्याहून जास्त जोड करणाऱ्याच्या हातात आहे. इचलकरंजीत वहिफणीचं काम करणाऱ्यांना हे पटकन कळेल. बीमवर हजारो धागे असतात, ते एकेक करून बरोबर जागी ओवणाऱ्यावर पुढचं सगळं कापड अवलंबून.

म्हणून माझं एकच मागणं आहे. जिल्ह्यातल्या आयटीआय, पॉलिटेक्निक आणि इंजिनिअरिंग कॉलेजांतून फायबर शिकवताना ते संगणकाच्या बाजूनंही शिकवावं. आज फायबर म्हटलं की पोरांच्या डोळ्यांसमोर घरात येणारं इंटरनेट येतं. तिथं एक तंतू असतो. डेटा सेंटरमध्ये एका कनेक्टरच्या टोकाला १२ किंवा १६ तंतू ओळीनं बसलेले असतात. कुठला जाणारा, कुठला येणारा, याची उलटापालट झाली की सगळं चांगलं असून लिंक बसत नाही. केबल किती वाकवायची, गळतीचा हिशेब आधी कागदावर कसा मांडायचा, टोक कसं तपासायचं, पुसायचं कसं आणि पुसल्यावर परत तपासायचं: हे शिकायला महागडी प्रयोगशाळा लागत नाही. एक मायक्रोस्कोप, एक पॉवर मीटर, एक प्रकाशाचा स्रोत आणि पंधरा-वीस जुन्या पॅच कॉर्ड, म्हणजे दोन्ही टोकांना कनेक्टर असलेल्या आखूड केबली. एवढ्यात सुरुवात होते.

दोन वर्षांपूर्वी मी इथल्या एका संस्थेत जाऊन म्हटलं की आठवड्यातून एक सकाळ मी विनामूल्य येतो, पोरांच्या हाताला वळण लावतो. त्यांनी पदवीचं प्रमाणपत्र विचारलं. माझ्याकडं दहावीचं आणि खात्याच्या ट्रेनिंगचं आहे. त्यांना नियम असतील, मी समजू शकतो, पण वाईट वाटलं. माझ्या बरोबरचे चौघे-पाच जण अजून शहरात आहेत. एकाचा हात इतका स्थिर होता की त्यानं तंतू वितळवून केलेल्या जोडाची गळती ०.०२ डीबीच्या वर क्वचित जायची. त्याला आता कमी दिसतं. अजून थोडी वर्षं गेली की हे हात शिकवायला उरणार नाहीत.

उद्यमनगरातल्या कारागिरांनाही एक सांगायचं आहे. कनेक्टरच्या टोकाच्या ज्या बारीक नळीत, म्हणजे फेरूलमध्ये, तंतू बसतो तो लहान कनेक्टरमध्ये १.२५ मिलिमीटर जाडीचा असतो आणि त्याचं भोक मध्यापासून एखाद्या मायक्रॉनपेक्षा जास्त सरकलेलं चालत नाही. हा फेरूल सिरॅमिकचा असतो, तो लेथवर होत नाही, तेव्हा उद्यापासून तो इथं बनेल असं मी म्हणत नाही. पण टोकं घासायच्या जिगा, तपासणीचे फिक्श्चर, चिप थंड ठेवायच्या धातूच्या प्लेटा या गोष्टी मायक्रॉनची भाषा समजणाऱ्यांच्या आहेत, आणि ती भाषा या गावात तीन पिढ्या बोलली जाते. ज्यांची पोरं इंजिनिअर होऊन पुण्या-बंगळुरात या क्षेत्रात आहेत, त्यांनी दिवाळीला पोरं घरी आली की हा विषय काढावा.

माझ्याकडं तंतू सरळ कापायचा जुना क्लीव्हर आहे, हातातला मायक्रोस्कोप आहे आणि निवृत्तीनंतर स्वतःच्या पैशांनी घेतलेलं तंतू वितळवून जोडायचं एक सेकंडहॅन्ड स्प्लाइसिंग मशीन आहे. बॅटरी बदलली आहे, चालू आहे. रविवारी सकाळी नऊ ते बारा मी घरीच असतो. ज्या मुलामुलींना हात चालवून बघायचाय त्यांनी आपल्या कार्यालयाकडं नाव द्यावं, आपण ते माझ्यापर्यंत पोचवावं, एवढी विनंती. एका वेळी तिघे बसतील एवढी जागा आहे. येताना काही आणू नये. फक्त अंगठीबिंगठी काढून ठेवावी आणि हात धुऊन यावं.

आपला नम्र,
एक निवृत्त केबल जॉइंटर
उत्तरेश्वर पेठ, कोल्हापूर